गळाच्या काठीची सवत

मी एक जुनी बांबूची काठी आहे, आणि आधीच सांगून टाकते, माझा स्वभाव काही गोड नाही. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की सगळ्यांना माफ करून मोकळ्या होतात. मला ते जमत नाही. मला एकीचा हेवा वाटतो. काल वाटत होता, आज वाटतो, उद्याही वाटणार. मित्रांनो, ती कोण ते ऐका आणि मग तुम्हीच सांगा, माझ्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं.

कुरुंद्यात लखमा नावाचा बुरूड होता. टोपल्या, सुपं, खुराडी विणून तो घर चालवायचा. कळमनुरीकडून गाडीत आलेल्या बांबूंच्या भाऱ्यात मीही होते. माझ्या बरोबरीच्या बहिणींच्या त्यानं कांबट्या काढल्या आणि त्यांची सुपं झाली. माझीही पाळी आलीच होती. तेवढ्यात तिथं अमृतराव आले. अमृतराव पाटकरी होते. पूर्णेच्या धरणातून निघालेला पाट आमच्या शिवारातून जातो, त्याचं पाणी शेतांना पाळीपाळीनं सोडायचं हे त्यांचं काम. ते आले होते कोंबड्यांसाठी खुराडं घ्यायला. पण नजर पडली माझ्यावर. त्यांनी मला उचललं, बोटावर तोललं, नखानं वाजवून पाहिलं. लखमा म्हणाला, "ही पोकळ हाय, अमृतराव. हिच्यात लाठीचं बळ न्हाई."

"मला कुठं कुणाला हाणायचं हाय?" अमृतराव म्हणाले. "मला तरंगणारी पायजे."

खुराडं तिथंच राहिलं आणि मी त्यांच्या घरी आले. ही गोष्ट एकोणीसशे ब्याण्णवची. त्यांनी मला भुशाच्या विस्तवावर शेकून जिथं वाकडी होते तिथं सरळ केलं, शेंगदाण्याचं तेल पाजलं, शेंड्याला सुती दोरा घट्ट गुंडाळला. मग तंगूस बांधली. तंगूस म्हणजे मासे धरायची नायलॉनची दोरी. तिला ज्वारीच्या धांड्यातल्या भेंडाचा तरंगा, आणि टोकाला गळ. मी गळाची काठी झाले. आरसा काही मला कुणी दाखवला नाही, पण दारावरून जाणारा माणूस थांबून बघायचा, त्यावरून काय ते कळायचं.

आता आमचा डोह सांगते. कुरुंद्याच्या खाली पाटाला उतार देताना एक मोठी दगडी पायरी बांधली आहे. पाणी तिथून वर्षानुवर्षं खाली कोसळून कोसळून खोल खड्डा पडला. पाटाला पाणी असलं की तिथं नुसता फेस दिसतो. पाळी बंद झाली की पाट कोरडा पडतो, पण डोहाचं पाणी तसंच राहतं. धरणाच्या दारातून वाहत आलेले रोहू, कटले, मरळ सगळे तिथं अडकून पडतात. तिथंच खातात आणि तिथंच मोठे होतात. पाळी कधी सुटणार आणि कधी बंद होणार हे पाटकऱ्याला आधी कळणार, म्हणून सगळ्यात आधी आम्ही दोघं तिथं हजर असायचो.

आणि आमची रीत. मित्रांनो, ही नीट ऐका. बाकीचे लोक मोठा मासा लागला की काठी घट्ट धरून ओढत बसतात. मग तंगूस तुटते, नाहीतर काठी मोडते, नाहीतर माणूसच पाण्यात जातो. अमृतरावांच्या वडिलांनी त्यांना वेगळं शिकवलं होतं. बारीक मासा असेल तर झटक्यात उचलून घ्यायचा. पण मोठ्या कटल्यानं ओढ दिली, की काठी सरळ डोहात फेकून द्यायची. होय, फेकून द्यायची! आणि आपण काठावर उकिडवं बसून तंबाखू मळायची. मासा मला ओढत डोहभर हिंडायचा. तो खाली जायला बघायचा, मी पोकळ, मी वर यायला बघायची. तो चिडायचा, मी डोलायची. असं करता करता त्याचं सगळं बळ सरायचं. मग अमृतराव पोहत यायचे, मला बुडख्याशी धरायचे, आणि मी माझ्या टोकाला बांधलेला तो मासा त्यांच्या हाती द्यायची. त्या खेळात मी एकटी असायची. माणसाचा हातसुद्धा नाही. मासा आणि मी.

काय दिवस होते ते! हिंगोलीच्या पाटबंधारे कचेरीतले सूर्यकांतराव त्यांच्या लुनावरून खास आम्हाला बघायला यायचे. ते देवळाच्या पुजाऱ्याच्या घरातले, मासळी त्यांच्या दारातसुद्धा चालत नसे. पण काठावर रुमाल अंथरून बसायचे आणि मी पाण्यात पडले की माझ्यावरून नजर काढायचे नाहीत. अशी काठी आख्ख्या जिल्ह्यात नाही, असं ते चारचौघांत म्हणायचे. मी ते कधी खोडून काढलं नाही.

घरी मात्र माझं कौतुक एका माणसाला बोचायचं. पद्माबाई, अमृतरावांची बायको. हळद काढणीच्या दिवसांत ती दिवसभर दुसऱ्यांच्या शेतात राबून यायची, आणि घरी नवरा ओट्यावर बसून मला तेल चोळत असायचा. एकदा ती म्हणाली, "ह्या सवतीला जेवढं तेल पाजून राहिले, तेवढं माझ्या डोक्याला लावलं असतं तर केस पांढरे झाले नसते." अमृतराव हसले. मीही मनात हसले. ती जळते, जळू दे, असं मला वाटलं. सवत हा शब्द मला तेव्हा पदकासारखा वाटला होता.

त्या डोहात एक कटला होता. कटला म्हणजे केवढा! एकदा तो माझ्या गळाला लागला होता. अमृतरावांनी मला फेकलं आणि मी नेहमीसारखी डोलायला लागले, तर ह्या बाबानं मला आख्खी खाली नेली. शेंडा, मधली पेरं, बुडखा, सगळी पाण्याखाली. मी कधी एवढं खोल पाहिलं नव्हतं. मग तंगूस तुटली आणि मी वर आले. अमृतराव काठावर उभे राहून नुसते बघत होते. त्या दिवसापासून त्यांना एकच ध्यास लागला, तो कटला एकदा तरी घरी आणायचा. आणि मलाही एकच ध्यास, तो माझ्याच गळानं यायला पाहिजे.

वर्षं गेली. अमृतरावांचा मुलगा धम्मानंद शिकला आणि पुण्याला कारखान्यात कामाला लागला. घरी यायचा तो चौदा एप्रिलला, जयंतीला. दोन हजार चार साली तो आला तेव्हा त्याच्या खांद्याला एक लांबलचक पिशवी होती. त्यानं ओट्यावर बसून चेन उघडली आणि आतून ती निघाली.

काळीभोर. गुळगुळीत. एकीच्या पोटातून दुसरी निघावी अशी लांब होत जाणारी. अंगभर चकचकीत कड्या, आणि बुडाशी शेवयाच्या यंत्रासारखी एक वजनदार चकरी. ती फिरवली की तंगूस आपोआप गुंडाळली जाते म्हणे. फायबरची काठी. धम्मानंदनं बापाच्या हातात दिली आणि म्हणाला, "आबा, आता त्या बांबूला आराम द्या."

आराम! मी काय मागितला होता का आराम?

मला वाटलं, अमृतराव तोंडदेखलं छान म्हणतील आणि ती कोपऱ्यात ठेवून देतील. मित्रांनो, तसं झालं नाही. त्यांनी ती चकरी फिरवली, आणि पुन्हा फिरवली, आणि जेवायला हाक मारली तरी उठले नाहीत. पोराच्या कमाईची पहिली वस्तू होती ती, हे मला कळत होतं. कळून काय उपयोग? दुसऱ्या दिवशी ते तिला घेऊन पाटावर गेले आणि मी खुंटीवरच होते. आठवडी बाजारात ते तिला घेऊन गेले, मासे धरायला नव्हे, नुसती दाखवायला! चहाच्या टपरीवर तिला हातोहात फिरवली म्हणे. सूर्यकांतराव आले, आणि ज्या तोंडानं माझी तारीफ केली होती त्याच तोंडानं म्हणाले की हिची सर कशालाच नाही. तेलाची गरज तिला नव्हती, तरी अमृतराव तिला मऊ फडक्यानं पुसायचे. त्या फडक्याकडे बघून माझ्या अंगाची आग आग व्हायची. तेव्हा मला पद्माबाई आठवायची, हळदीचे हात घेऊन दारात उभी असलेली.

पण पद्माबाईनं काही माझी कड घेतली नाही. तिनं माझी तंगूस काढली, शेंड्याला विळा बांधला आणि मला शेळ्यांसाठी बाभळीचा पाला पाडायला लावलं. शेवग्याच्या शेंगा पाडायच्या तरी मीच. एवढ्या मोठ्या कटल्यांशी खेळलेली मी, आणि आता शेळ्या माझी वाट बघायच्या. नवी वर्षभर रोहू आणत होती, मरळ आणत होती. लांब फेक करायची, मधल्या पाण्यातले मासे आणायची. बारीकसारीकच, पण आणायची. दर वेळी पिशवी जड दिसली की मी बोटं मोडायची. मला बोटं नाहीत, पण तुम्हाला समजलं असेल. तो कटला मात्र तिला लागला नव्हता. तेवढाच माझ्या जिवाला आधार होता.

पुढच्या एप्रिलमध्ये धम्मानंद पुन्हा आला. पाळी नुकतीच बंद झाली होती, डोहाचं पाणी निवळलं होतं. त्यानं हट्टच धरला, आबांनी मी दिलेल्या काठीनं तो कटला काढलेला मला बघायचा आहे. सकाळी उन्हं वर यायच्या आत बापलेक निघाले. त्यांच्या मागून पद्माबाई शेळ्या घेऊन निघाली, आणि तिच्या खांद्यावर मी, डोक्याला विळा बांधलेली. मी बाभळीच्या बुंध्याला टेकून उभी होते, तिथून सगळं दिसत होतं.

ज्वारीच्या पिठाचा आणि पेंडीचा गोळा गळाला लावून अमृतरावांनी तो डोहाच्या मध्यावर टाकला. धम्मानंद शेजारी बसून सांगत होता, मासा लागला की चकरी ढिली सोडायची, दमला की गुंडाळायची. अमृतराव व्हय व्हय करत होते. बराच वेळ काही हललं नाही. मग तिचा शेंडा एकदम पाण्याकडे ओढला गेला. अशी ओढ मी एकदाच पाहिली होती. तोच होता तो.

माझ्या पेरापेरात आग पेटली. तिच्या गळाला! माझा कटला, तिच्या गळाला!

आणि मित्रांनो, तेवढ्यात अमृतरावांनी तिला डोहात फेकून दिली.

झालं असं की वर्षभर तिला नुसते बारीक मासे लागले होते, त्यामुळे ही वेळ कधी आलीच नव्हती. आता आली, आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं त्यांच्या हातानं जे करायचं तेच केलं. चकरीसकट ती पाण्यावर पडली. माझ्यासारखी डोलेल असं त्यांना वाटलं असावं. ती डोलली नाही. दोन बुडबुडे आले आणि ती तळाला गेली.

मी खोटं बोलणार नाही. मला इतका आनंद झाला की वाऱ्याशिवाय माझा विळा हलला.

धम्मानंद उभाच राहिला. मग म्हणाला, "आबा, काहून फेकली?"

"मी न्हाई फेकली रे," अमृतराव म्हणाले. "हातानं फेकली."

पोरगं चार पावलं बाजूला गेलं आणि पाठ करून बसलं. त्याला वाटलं, आबाला ती आवडलीच नव्हती, वर्षभर आपलं मन राखायला वापरली आणि आज फेकली. त्याच्या पाठीकडे बघूनच ते कळत होतं. अमृतरावांनाही कळलं. त्यांनी सदरा काढला आणि डोहात उतरले. एक बुडी मारली, वर आले ते धापा टाकत. वय झालं होतं. दुसरी बुडी मारायला गेले तर पद्माबाईनं पाण्यात उतरून त्यांचा दंड धरला आणि सरळ सांगितलं, काठी गेली तर गेली, मला पांढरं कपाळ घेऊन फिरायचं नाही. ते काठावर येऊन बसले. पाण्याकडे बघत नव्हते, पोराकडे बघत होते. मी त्यांना कितीतरी वेळा रिकाम्या हातांनी परत येताना पाहिलं होतं, पण असा चेहरा कधी पाहिला नव्हता. माझा आनंद तिथंच आंबट झाला.

मग त्यांची नजर बाभळीकडे वळली. ते उठले, विळा सोडला, आणि मला हातात घेतलं. वर्षभरानं घेतलं, तरी त्यांची मूठ बरोबर जुन्याच जागी बसली. मला वाटलं, आता हे मला म्हणतील की तूच खरी. त्यांनी खिशातले दोन मोठे गळ माझ्या शेंड्याला उलटसुलट बांधले. तेव्हा कळलं, मला कशाला घेतलं ते. माझ्या सवतीला शोधायला.

गळ्याएवढ्या पाण्यात उभे राहून ते मला तळाशी फिरवायला लागले. दगड लागला. गाळ लागला. मग काहीतरी गुळगुळीत लागलं. त्यांच्या आधी मला कळलं, ही ती. माझ्या मनात आलं, गप्प राहावं. आणखी हातभर पुढे गेलं की संपलं, ती गाळात कायमची राहील आणि मी पुन्हा मी होईन. पण मित्रांनो, बांबूला गप्प राहता येत नाही. शेंड्याला जे लागतं ते मुठीला कळतंच, आमची जातच तशी. अमृतरावांचा हात थांबला. त्यांनी हलकेच मला फिरवलं, आणि माझे गळ तिच्या कडीत अडकले.

उचलायला गेले तर नुसती ती नव्हती. तिच्या टोकाला तो अजून होता. त्यानं हिसका दिला, आणि माझं मधलं पेर कडाडलं. मी उभी चिरले. पण चिरले तरी सोडलं नाही. धम्मानंद कपड्यांनिशी पाण्यात धावत आला, त्यानं तिची मूठ पकडली, आणि बापानं पोराचा हात. मग चकरी आबांच्या हाती देऊन पोरगं सांगत गेलं, सोडा आबा, गुंडाळा आबा, आणि आबा तसं करत गेले. कटला काठावर आला तेव्हा पद्माबाईला त्याच्यावर लुगड्याचा पदर टाकून बसावं लागलं. धम्मानंदनं पुण्याहून आणलेल्या कॅमेऱ्यानं फोटो काढला. फोटोत अमृतराव आहेत, कटला आहे आणि ती आहे. मी खाली गवतात पडले होते.

त्या दिवशी आख्ख्या वस्तीत मासळी वाटली गेली. जो येई तो काठी बघायला मागे, आणि प्रत्येकाला तीच दाखवली जाई.

दुसऱ्या दिवशी अमृतराव करवत घेऊन माझ्यापाशी बसले. मी समजले, आता चूल. चिरलेली काठी, दुसरं काय होणार? त्यांनी माझी बुडख्याकडची दोन जाड पेरं कापली, दोन्हीकडच्या गाठी शाबूत ठेवून, म्हणजे आतली हवा आतच राहावी. उरलेली मी खरंच चुलीत गेले. मग त्यांनी तिला आणलं, आणि माझी दोन्ही पेरं तिच्या मुठीच्या दोन बाजूंना लावून सुती दोऱ्यानं करकचून बांधली. मला, तिच्या कमरेला!

पद्माबाई बघत होती. म्हणाली, "एवढ्या चांगल्या काठीला हे लाकूड काहून बांधून राहिले?"

"माझा हात काय सुधरायचा न्हाई," अमृतराव म्हणाले. "मोठा मासा लागला की तो फेकणारच. आता फेकली तरी ही तिला बुडू देणार न्हाई."

मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं.

दोन वर्षांनी त्यांच्या हातानं पुन्हा दगा दिला. भला मोठा रोहू लागला आणि त्यांनी तिला फेकली. तिच्याबरोबर मीही गेले. तिची चकरी मला खाली ओढत होती, रोहू बाजूला ओढत होता. एकदा मी पुरी बुडाले, मग वर आले, तिला घेऊन वर आले. काठावर धम्मानंद होता, तो हसत होता. बाप उभा राहून त्याला आमच्याकडे बोट दाखवत होता.

मित्रांनो, नवी वस्तू घरात जरूर आणा. पण म्हणून जुनीला लगेच शेळ्यांच्या पाल्याला जुंपू नका. तिला काय येतं ते आधी आठवून बघा, तिला पुसा, तिला कोरड्या जागी ठेवा, तिच्या वाट्याचं काम तिला द्या. वस्तूंनाही जीव लावलेला कळतो, आणि काढून घेतलेला तर त्याहून लवकर कळतो.

आणि माझा हेवा? तो गेला नाही. पोरं येतात, तिच्या कड्यांवरून हात फिरवतात आणि माझ्याकडे बघून विचारतात, ही कसली लाकडं बांधली. मी आतल्या आत जळते. पण डोहात पडलो की तिचं सगळं वजन माझ्या अंगावर येतं, आणि मी तिला सोडत नाही.